पडल्याचं नाकारते

आई, सोमवारी कामावर गेले. तेरावं झालं, पाहुणे पांगले, तुमच्या श्रीच्या मावशीने जाता जाता फ्रीजसुद्धा पुसून दिला आणि घर इतकं आवरलेलं झालं की बसवेना. म्हटलं, जाऊया ऑफिसला, निदान तिथे कुणी आपल्याला बघून डोळे पुसणार नाही. महापेची बस पकडली. खुर्चीत बसले, पासवर्ड दोनदा चुकवला, मग आठवला. पहिलीच फाइल उघडली ती अमेरिकेतल्या कुठल्याशा गावच्या म्हातारीची. वय अठ्ठ्याहत्तर. चालताना तोल जातो, लेकीबरोबर आली आहे. आणि खाली डॉक्टरचं ते वाक्य, जे मी इतकी वर्षं रोज वाचत आले: पेशंट पडल्याचं नाकारते.

हे वाक्य मी तुम्हाला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तुम्ही किती हसला होतात. नाकारायला ते काय सांगून आलेलं स्थळ आहे का, म्हणालात. मी समजावलं की तिकडची लिहिण्याची पद्धतच तशी, डॉक्टरने विचारलं, ती नाही म्हणाली, एवढाच अर्थ. तुम्हाला काही पटलं नाही. तुमचं म्हणणं, त्या डॉक्टरचा तिच्यावर विश्वास नाही म्हणून तो असं तिरकं लिहितो. सोमवारी मी त्या वाक्याकडे बघत बसले आणि स्क्रीन आपोआप काळा झाला तरी माझ्या लक्षात आलं नाही. टीम लीडर येऊन म्हणाली, मनीषा, घरी जायचंय का? घरी जाऊन काय करू, हे तिला काय सांगणार.

माझं काम लोकांना सांगून सांगून मी थकले, तुम्हाला मात्र एका दमात कळलं होतं. कोडिंग म्हटलं की सगळ्यांना वाटतं कॉम्प्युटरचं काहीतरी. मग सांगा, डॉक्टरने पेशंटबद्दल जे लिहिलं त्याला ठरलेला नंबर लावायचा, तिकडच्या विम्याला आणि रेकॉर्डला तो लागतो. नुसत्या चालण्याचेच किती प्रकार. पाय फाकवून झोकांड्या खात चालतो त्याचा नंबर वेगळा, लकव्यामुळे पाय ओढतो त्याचा वेगळा, चालायला जड जातं त्याचा वेगळा, उभं राहिल्यावर पाय स्थिर नसतात त्याचा वेगळा. वारंवार पडणाऱ्याचा आणखी वेगळा. डॉक्टरने लिहिलं असेल तेवढंच घ्यायचं, आपल्या मनचं काडीभर घालायचं नाही. तुम्ही पोळी लाटता लाटता ऐकत होतात. म्हणालात, आमच्या वॉर्डातल्या रिपोर्ट बुकासारखंच की.

तेहतीस वर्षं सरकारी इस्पितळात सिस्टर होतात तुम्ही, हाडांच्या वॉर्डात. मी बॉटनीची पदवीधर, लग्न होऊन नेरुळला तुमच्या घरी सून म्हणून आले आणि कोडिंगच्या परीक्षेला बसले तेव्हा मला मांडीचं हाड कुठलं आणि नडगीचं कुठलं तेही धड सांगता येत नव्हतं. चालण्याचा तो धडा तर डोक्यावरून जात होता. तुम्ही दोन दिवस माझी घोकंपट्टी ऐकलीत. तिसऱ्या दिवशी दुपारी साडी खोचलीत आणि हॉलमध्ये मला चालून दाखवायला लागलात. हा बघ लकव्याचा, पाय असा अर्धा गोल फिरवून टाकतो. ही बघ कंपवाताची, पावलं इवलीशी, हात हलत नाहीत, वळताना देवळाला प्रदक्षिणा घातल्यासारखी वळते. हा बघ मेंदूच्या मागच्या भागाचा, शुद्धीत असून दारू प्यायल्यासारखा. समोरच्या काकू वाटीभर साखर मागायला आल्या, दारातून तुम्हाला बघितलं आणि वाटी टाकून श्रीला फोन लावला की आईला झटका आलाय. बिचारा ऑफिसातून रिक्षाने धावत आला. आपण दोघी सोफ्यावर हसून लोळत होतो. मी पास झाले ते त्या दुपारच्या जोरावर.

आणि ती तुमची शिस्त! रिटायर झालात तरी वॉर्ड काही सुटला नाही. बीपीची निळी वही फ्रीजवर, तिला दोऱ्याने पेन बांधलेलं. सकाळी मशीन लावायचं, आकडा लिहायचा. एखाद्या मंगळवारी राहून गेलं तर तुम्ही बुधवारी मंगळवारच्या जागी काही भरायचा नाहीत. बुधवारच्या तारखेखालीच लिहायचात, काल घेतलं नाही. मी एकदा म्हटलं, आई, कोण बघतंय, अंदाजे टाका एक आकडा. तुम्ही चष्म्यावरून असं बघितलंत की मी गुपचूप भाजी निवडायला लागले. नोंद राहिली तर उशिरा करायची, म्हणालात, आजच्या तारखेने करायची, पण मधे कोंबायची नाही आणि खोडायची तर मुळीच नाही. आमच्या ऑफिसातही हाच नियम आहे. तिथे तो शिकवायला दोन तासांचं ट्रेनिंग घेतलं.

म्हणून मला कळत नाही आई, त्याच वहीत ते का लिहिलं नाहीत.

मला पहिल्यांदा मागच्या मार्चमध्ये जाणवलं. तुम्ही फ्रीजला हात लावायचात, मग टेबलाला, मग सोफ्याच्या पाठीला, आणि अशा हात टेकत टेकत बाल्कनीत पोचायचात. पावलं लहान झाली होती. वळताना तीन-चार तुकड्यांत वळायचात. मला वाटलं, चेष्टा चाललीय, मला जुना धडा आठवून देताय. मी म्हटलंसुद्धा, आई, हा कुठला नंबर? तुम्ही हसला नाहीत.

मग आठवड्याभरात किचनमध्ये धप्प आवाज आला. मी धावले. तुम्ही पिठाच्या डब्याला टेकून खाली बसला होतात, डोक्याला पीठ लागलेलं. काही मोडलं नव्हतं. मी उचलायला गेले तर हात झिडकारलात, आधी मलाच माझे पाय तपासू दे म्हणालात, आणि खरंच सिस्टरसारखे घोटे, गुडघे, खुबे दाबून बघितलेत. उठल्यावर पहिलं वाक्य काय, तर श्रीला सांगू नकोस.

त्या दुपारी आपलं जे भांडण झालं ते अजून संपलेलं नाही. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू, आणि पडलात हे तिथे सांगायचं, लिहून घ्यायला लावायचं. आयुष्यभर तुम्हीच सांगत आलात ना, लिहिलं नाही ते झालं नाही. तुम्ही शांतपणे मला खाट नंबर अकराची गोष्ट सांगितलीत. गोदीतला धट्टाकट्टा माणूस, हात मोडून आलेला, वॉर्डभर फिरायचा, सगळ्यांना पाणी आणून द्यायचा. एकदा संडासात घसरला. तुम्हीच त्याच्या कागदावर लिहिलंत की पेशंट पडला, धोका आहे. नियमच होता. मग खाटेला कठडे लागले, भांडं खाटेवर आलं, उठायचं झालं तर आया ओरडायची. पंधरा दिवसांत तो चालायचा विसरला. घरी गेला तो स्ट्रेचरवरून. "माझं अक्षर होतं गो ते," तुम्ही म्हणालात. "कागद माणसाच्या मागून चालायला हवा. एकदा का तो पुढे गेला की माणूस त्याच्यामागे फरफटतो. मला नाही पडणारी बाई व्हायचं."

मी तरी बोललेच. म्हटलं, तो काळ वेगळा होता, आता व्यायाम देतात, औषधं बदलतात. तुम्ही म्हणालात, हो का, आणि मग सकाळी एकटीला सारसोळ्याला मासळी आणायला सोडाल का तुम्ही? नसतं सोडलं, हे तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही. बुधवार-रविवारची ती फेरी म्हणजे तुमचं आख्खं राज्य होतं. पिशवी घ्यायची, चालत जायचं, हिराबाईच्या पाटीसमोर बसून बोंबलाचा डोळा न् डोळा तपासायचा, तिच्याशी वाद घालायचा आणि अकरापर्यंत परत.

डॉक्टरकडे मात्र नेलंच मी तुम्हाला, अशक्तपणाचं निमित्त काढून. बाहेर काउंटरवर फॉर्म दिला. तुमचा चष्मा घरी राहिला होता म्हणून मी भरत होते. एक प्रश्न होता, गेल्या वर्षभरात पडलात का, आणि समोर दोन चौकोन. माझं पेन थांबलं. तुम्ही नुसता माझ्या मनगटावर हात ठेवलात, नाडी बघताना ठेवायचात तसा. मी नाहीच्या चौकोनात खूण केली.

आत डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं, पडला होतात का कधी? तुम्ही म्हणालात, छे. मी बाजूच्या स्टुलावर बसून होते. तेव्हा माझ्या डोक्यात काय आलं सांगू? आलं की पेशंट नाही म्हणतेय, तू कोण मनचं घालणारी. इतकी वर्षं जो नियम दुसऱ्यांच्या आयांसाठी पाळला तो मी घरच्या आईला लावून बसले. डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला दारापर्यंत चालायला सांगितलं आणि तुम्ही काय चाललात! पाठ ताठ, मान वर, राउंडला निघालेली हेड सिस्टर. मला चालून दाखवलेल्या इतक्या चालींमध्ये ही सगळ्यात खोटी होती आणि सगळ्यात छान. त्यांनी लिहिलं, वयोमानाने अशक्तपणा. गोळ्या दिल्या. रिक्षात तुम्ही विजयी मुद्रेने उसाचा रस मागितलात आणि मी तो पाजला.

त्यानंतर मी विचारतच राहिले, पण कसं? आमच्या कामात डॉक्टरने अर्धवट लिहिलं की त्याला प्रश्न पाठवायचा असतो, आणि तो असा विचारायचा की उत्तर त्याच्या तोंडात घालता कामा नये. पडला का असं नाही विचारायचं, काय झालं असं विचारायचं. मी तुम्हाला तसंच विचारायचे. आई, चालताना काही वेगळं वाटतं का? आज कसं वाटतंय पायांना? तुम्ही एकदा वैतागलात. म्हणालात, "मने, तू सून आहेस की साक्ष घेणारा वकील? काय विचारायचंय ते सरळ विचार ना." मी नाही विचारलं. सरळ विचारलं असतं तर तुम्ही सरळ सांगितलं असतं, असं मला आता दिवसातून दहा वेळा वाटतं.

ऑक्टोबरमध्ये श्रीने अचानक काठी आणली. चार पायांची, खाली रबर लावलेली. मी म्हटलं, हे काय मधेच? तो म्हणाला, सहज, असू दे घरात. तुम्ही त्या काठीने पडदे सरकवलेत, बाल्कनीतली कबुतरं हाकललीत, माळ्यावरून एक पिशवी खाली ओढलीत. जमिनीला ती टेकली असेल तर नुसती भिंतीला लावून ठेवताना. मला हसू यायचं. श्री हसत नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

जानेवारीत तुम्ही सोललेल्या मटारचं भांडं घेऊन हॉलमधून किचनकडे निघालात आणि मधल्या सपाट लादीवर कोसळलात. ओली नव्हती, पायपुसणं नव्हतं, काही नव्हतं. खुब्याचं हाड मोडलं. इमर्जन्सीतल्या डॉक्टरने विचारलं, आधी कधी पडल्या होत्या का? श्री म्हणाला, नाही, पहिल्यांदाच. मी खाली लादीकडे बघत राहिले.

ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही मला जवळ बोलावलंत आणि विचारलंत की खाटेच्या पायथ्याशी लटकतेय त्या फाइलीत काय लिहिलंय. मी बघून सांगितलं, घरात पाय घसरून पडल्या. तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं झोपलात. मग अगदी स्पष्ट, वॉर्डातल्या आवाजात म्हणालात, "घसरला नाही. पाय उचललाच गेला नाही. आणि हे पहिलं नाही. सांग त्यांना, लिहून घ्या म्हणावं."

आई, तुम्ही स्वतः म्हणालात. ज्यासाठी वर्षभर माझ्याशी भांडलात ते तुम्ही आपणहून सोडलंत. आणि मी काय म्हटलं? उद्या सकाळच्या राउंडला सांगते. ड्युटीवरची मुलगी तेव्हाच सलाइन बदलायला आत आली होती, दोन हातांवर उभी होती. पण मी दमले होते. तीन दिवस स्टुलावर बसून पाठ मोडली होती, आणि सांगायचं म्हणजे श्रीसमोर सांगायचं, मग मला मार्चपासून माहीत होतं हेही निघणार. म्हटलं, उद्या. पहाटे तुम्हाला धाप लागली, छातीत कफ भरला, खाली आयसीयूत नेलं, तिथे नळी घातली. त्यानंतर तुम्ही काही बोललाच नाहीत. नवव्या दिवशी गेलात. फाइलीत शेवटपर्यंत घसरून पडल्याचंच राहिलं.

लिहिलं असतं तर तुम्ही वाचला असतात, असं मी म्हणत नाही. ते मला कळत नाही. मार्चमध्ये सांगितलं असतं तर कदाचित कुठली गोळी बदलली असती, कदाचित काहीच झालं नसतं आणि तुमचा बुधवार-रविवार मात्र गेला असता. हे भांडण तुमच्याशिवाय मला पुढे नेता येत नाही. दोन्ही बाजू मीच बोलते आणि दोन्ही बाजूंनी हरते.

परवा बुधवारी संध्याकाळी हिराबाई आली. पाटी खाली ठेवून आली होती, हात धुऊन, नुसती भेटायला. तुमच्या फोटोसमोर बसली, पदराने तोंड पुसलं. म्हणाली, "बाय, सिस्टरबाय गनपतीच्या आदी माझ्या पाटीसमोरच पडल्या ना. मीच उचलल्या. पानी पाजला. बोलल्या, सुनेला काय सांगू नको, ती लगेच नंबर लावील. आता वाटते, सांगाया पायजे होता." मी विचारलं, किती वेळा? ती म्हणाली, एकदाच, म्हणून तं गप रायली.

श्री दारात उभा होता. आत्ताच आला होता, बूटही काढले नव्हते. त्याचा चेहरा उतरला. हिराबाई गेल्यावर तो तसाच बूट घालून सोफ्यावर बसला आणि म्हणाला, ऑक्टोबरमध्ये जिन्यात पडली होती, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, मी मागेच होतो. तिने शपथ घातली, मनीषाला सांगू नकोस. एकदाच पडली म्हणून मी... मग मी त्याला मार्चचं सांगितलं. पिठाच्या डब्याचं, फॉर्मवरच्या खुणेचं, मनगटावरच्या हाताचं आणि त्या संध्याकाळी तुम्ही जे लिहून घ्या म्हणालात त्याचं, सगळं. मला वाटलं तो ओरडेल. इतके दिवस त्याचीच भीती घेऊन मी या घरात वावरत होते. तो नुसता म्हणाला, इमर्जन्सीत मीसुद्धा खालीच बघत होतो.

काय बाई तुम्ही! एक पडणं मला दिलंत, एक लेकाला, एक हिराबाईला. प्रत्येकाला एकेक, आणि प्रत्येकाला वाटायला लावलंत की हे एवढंच आहे, हे आपल्यातलंच. एकदा पडणं म्हणजे काय, कुणीही पडतं. आम्ही तिघं एकदा जरी एका ठिकाणी बसून बोललो असतो ना, तर कुठल्याही डॉक्टरशिवाय कळलं असतं. तेहतीस वर्षं रिपोर्ट लिहिलेल्या बाईला हे पक्कं माहीत होतं की वेगवेगळ्या वह्यांत पडलेल्या नोंदी कुणी एकत्र वाचत नाही. रागावू की हात जोडू, मला ठरवता येत नाही. दोन्ही करतेय. मला चालणं शिकवलंत तुम्ही, माझी पहिली नोकरी तुमच्या त्या दुपारमुळे लागली, आणि तुमचं चालणं बिघडलं तेव्हा ते वाचता येणारी घरात एकटी मीच होते.

आज सुट्टी घेतली. मटारचे तीन दाणे सोफ्याखाली सापडले, सुकून गोट्यांसारखे झालेले. ते टाकवले नाहीत, वाटीत ठेवलेत. मग फ्रीजवरची निळी वही काढली. शेवटचा आकडा तुमच्या हातचा, त्या सकाळचा, एकशे बत्तीस, ब्याऐंशी. त्याखाली कुणी काही लिहिलेलं नाही. मधे कुठे कोंबलं नाही आई, काही खोडलं नाही. आजची तारीख टाकली आणि दोऱ्याच्या पेनाने लिहिलं:

उशिरा केलेली नोंद. मार्चमध्ये किचनमध्ये, गणपतीच्या आधी सारसोळ्याला, ऑक्टोबरमध्ये जिन्यात, जानेवारीत हॉलमध्ये. एकूण चार वेळा पडल्या. शेवटच्या वेळी पाय घसरला नव्हता, उचललाच गेला नव्हता. हे पेशंटने स्वतः, पूर्ण शुद्धीत सांगितलं आणि लिहून घ्या म्हटलं. ऐकणारी सून होती. तिने उद्यावर टाकलं.